एका मिलीमीटरला चारशे टाके

मावशी त्या मशीनला ‘पलंग’ म्हणायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. प्लायवूडची भक्कम चौकट, ड्रॉवरच्या पट्ट्यांवर पुढे-मागे सरकणारा पूल, भंगारातल्या प्रिंटरांच्या मोटारी आणि मधोमध उभा बांधलेला राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं गरगर फिरणारं यंत्र. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पलंग करायला घेतला आणि अर्ध्यात त्याचं डोकं फिरलं. तिच्या भाचीने, म्हणजे ठोकळीने, आठ महिने खपून ते मशीन घरीच बनवलं होतं. लॅपटॉपवर नक्षी काढायची, बटण दाबायचं, की राउटर आपला आपण फिरून फळीवर वेलबुट्टी कोरून मोकळा. ठोकळी हे तिचं लहानपणी पडलेलं नाव. मोठेपणी ती सुतारीण झाली, मग काय, नाव सुटायचा प्रश्नच मिटला.

तर या ठोकळीला आता त्या पलंगावर ॲल्युमिनियम कापायचं होतं. लाकडाच्या मशीनवर, लाकडाच्या राउटरने, चांगली सहा मिलीमीटर जाडीची पट्टी!

हे खूळ कुठून आलं, ते आधी सांगायला हवं. मावशी शिंपीण. चाळीस वर्षं एकाच शिलाई मशीनवर तिने काम केलं. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. पाय शाबूत, डोळे शाबूत, जीभ तर पूर्वीपेक्षा जोरात. पण सुईपाशी कापड दाबून धरणारा जो छोटा लोखंडी पाय असतो ना, तो कोपऱ्यावर उचलावा लागतो, आणि उचलायची कळ असते मागच्या बाजूला. एकुलत्या एका चालत्या हाताने कळ उचलावी तर कापड सुटतं, आणि कापड धरावं तर कळ कोण उचलणार? प्रत्येक कोपरा वाकडा. महिनाभर वाकड्या शिवणी उसवून मावशीने एक दिवस मशीनवर चादर टाकली आणि शिवणवर्गाच्या बाईंना सांगून टाकलं, "रविवारी दहाला येऊन घेऊन जा. शिकणाऱ्या मुलींना तरी उपयोग होईल."

शिलाई मशीन नसलेली मावशी ठोकळीने कधी पाहिलीच नव्हती. ती कामाला लागली. गुडघ्याने ढकलली की तो पाय वर उचलेल अशी एक काटकोनी दांडी हवी होती, बस्स. तिने सागवानाची केली. स्वतःच गुडघ्याने दाबून पाहिली, तर तिसऱ्याच दाबाला काटकोनात मोडली, कारण लाकडाचे रेषे एका बाजूला उभे गेले तर दुसऱ्या बाजूला आडवेच जाणार. दुसरीही तिथेच मोडली. जाड प्लायवूडची केली तर ती मशीनच्या खालच्या फटीत शिरेना. म्हणजे धातूच हवा. गल्लीच्या टोकाला लेथवर धातूकाम करणाऱ्या टर्नरकाकांकडे गेली, तर ते म्हणाले, "पंधरा दिवस तरी हात रिकामा नाही बघ. आणि तुझ्या त्या लाकडी मशीनवर धातू कापायला निघालीस तर आधी फोन कर, मी बघायला येतो. फुकटचा तमाशा कोण सोडतो!"

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मावशीची काळजी होतीच, पण आता ठोकळीला ते होतं की नाही हे पाहिल्याशिवाय चैन पडेना. होत नसेल तर का होत नाही? खाजच म्हणा ना.

शनिवारी सकाळी तिने पट्टी स्क्रूने घट्ट आवळली, चष्मा लावला आणि सुताराने जे करावं तेच केलं. लाकडात गाठ आली की सुताराचा हात आपोआप हळू होतो. इथे तर अख्खी पट्टीच गाठ! म्हणून तिने राउटर नेहमीसारखा जोरात फिरवला आणि पुढे सरकायचा वेग मात्र अगदी कमी ठेवला. गोगलगायही पुढे निघून गेली असती. राउटर जो किंचाळला, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. दोन मिनिटांत धूर. राउटरचं पातं, म्हणजे बिट, काढून पाहिलं, तर धारेवर ॲल्युमिनियम वितळून च्युइंगमसारखं चिकटलेलं.

"फार घाई झाली वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली आणि नवं बिट लावून वेग आणखी कमी केला. आता सांगा, काय म्हणावं हिला! या वेळी बिट टणकन मोडलं आणि तुकडा जाऊन दाराच्या चौकटीत रुतला. उरलं एकच बिट, कधीतरी ॲक्रिलिकसाठी आणलेलं, एका धारेचं. ठोकळी कपाळाला हात लावून खाली बसली. तेही मोडलं तर रविवारी शिलाई मशीन जाणार, हे तिला कळत होतं.

"कुणाचा गळा दाबतेस गं?" दारात मावशी उभी होती. डाव्या हातात चहाचा कप.

"मावशी, तू जा आत. डोळ्यात काहीतरी उडेल."

मावशी कुठली ऐकतेय. कप बाजूला ठेवून, चष्मा नाकावर सरकवून ती पट्टीवर वाकली. काळपट, फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मोडलेलं बिट उचलून उजेडात धरलं. मोडक्या सुया पाहण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"तापून मोडलीय ही. किती फिरते?"

"मिनिटाला वीस हजार वेळा."

"धारा किती?"

"दोन."

"आणि तेवढ्या वेळात पुढे किती जाते?"

"शंभर मिलीमीटर. मुद्दाम हळू ठेवलंय."

मावशीने बिट खाली ठेवलं आणि डाव्या हाताची बोटं अंगठ्यावर टेकवत मनातल्या मनात हिशोब केला. मग तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई! एका मिलीमीटरला चारशे टाके?"

"टाके नाहीत गं ते..."

"टाकेच. तीच जागा चारशे वेळा टोचतेस. जीनच्या चार पदरांवर बारीक टाका घालून बघ काय होतं ते. कापड आवळतं, सुई तापते आणि मोडते. आम्ही जाड कापड आलं की टाका लांब करतो. तू उलटं केलंस. घाबरलीस आणि टाका बारीक केलास."

"पण मावशी, हे कापड नाही."

"ठाऊक आहे मला. पण सुई तर मोडलीच ना?"

ठोकळी एकदम उठून लॅपटॉपपाशी गेली. राउटरचा वेग सगळ्यात कमी, दहा हजार. धार एकच. पुढे सरकायचं मिनिटाला पाचशे. म्हणजे मिलीमीटरला वीस टाके. चारशेवरून वीस! तिने मशीनच्या पुलावर हात ठेवला. "एवढं जोरात ढकललं तर माझा पूल वाकेल गं. प्लायवूडच आहे शेवटी."

"मग घास लहान घे. पण घाबरत घाबरत चघळू नकोस."

घास लहान, म्हणजे एका फेरीत जेमतेम कागदाच्या दोन पानांएवढी खोली. तीस फेऱ्या होणार होत्या. होऊ देत. मावशी आत जाऊन शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आली. "थेंब थेंब मी सोडते. एवढं तर येतं मला."

बटण दाबलं. ठोकळीने डोळेच मिटून घेतले. पण किंचाळी आलीच नाही. आला एक भरीव, एकसुरी घरघराट. डोळे उघडले तर बिटाच्या पायाशी चकचकीत किस उडत होता. भुकटी नाही, चिकट गोळा नाही, खरा कापलेला किस!

"कापतंय!" ठोकळी ओरडली. "मावशी, कापतंय गं!"

"दिसतंय मला. ब्रश घे, किस झटक. पुन्हा तोच तोच कापत बसेल."

किस मावशीच्या केसांत गेला, ठोकळीच्या बाहीत गेला, चहात तर इतका पडला की तो ओतूनच द्यावा लागला. पण कुणी जागचं हललं नाही. तळाचा पातळ पापुद्रा ठोकळीने मुद्दाम शिल्लक ठेवला होता, नाहीतर सुटी झालेली दांडी बिटावरच आदळली असती. तो तिने पटाशीने तोडला, कडा कानशीने घासल्या. दुपारपर्यंत दांडी शिलाई मशीनला बसलीसुद्धा. फटीत मोजून मापून शिरली.

"बस ना. करून बघ."

मावशीने चादर परत ओढून घेतली. "आता नको."

"का?"

"का म्हणजे? वर्षभर सगळे मला होईल होईल सांगतायत. आणि नाही झालं तर? तेवढं पुन्हा नको मला." एवढं बोलून ती आत निघून गेली. ठोकळीला स्वतःचाच राग आला, आणि नेमका कशाचा ते कळेना.

रविवारी दहाच्या ठोक्याला शिवणवर्गाच्या बाई आल्या. बाहेर टेम्पो उभा. मावशी म्हणाली, "थांबा हं. चालतं का ते बघून देते. बंद पडलेलं देणं बरं नाही."

तिने चादर काढली. एक चौकोनी चिंधी सुईखाली सरकवली. पाय पेडलवर. टकटकटक करत शिवण कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली. मावशीचा गुडघा हळूच बाजूला झाला, लोखंडी पाय टुणकन उचलला गेला. डाव्या हाताने चिंधी वळवली. गुडघा सुटला. टकटकटक. दुसरा कोपरा. तिसरा. चौथा.

चिंधी तिने डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिली. मग दुसरी चिंधी घेतली. मग तिसरी. बाई खुर्चीत बसल्या होत्या, त्या हसल्या आणि उठल्या. "टेम्पोवाल्याला परत पाठवते," एवढंच म्हणाल्या. मावशीने मान वर करून पाहिलंही नाही.

"ठोकळे!"

"काय गं?"

"तुझ्या त्या पलंगाला चारी बाजूंनी पडदा हवा. काल माझा अख्खा चहा गेला. जाड कापडाचा शिवते. माप घेऊन ये. आणि टेप सरळ धर."

ठोकळी टेप घेऊन पलंगापाशी गेली. एक बाजू तिला तीनदा मोजावी लागली. डोळे भरून आले होते, आकडे दिसतच नव्हते, आणि आतून मावशी विचारत होती, "अगं, किती आलं?"