मागच्या भिंतीचा गुलाब

"आधी ती करवत खाली ठेवा," ती रंगाऱ्याला म्हणाली आणि नवऱ्याचा जुना कोट अंगात घालून शिडीवर चढली.

मागच्या भिंतीवर वेलगुलाब पार छपरापर्यंत गेला होता. बुंध्यापाशी कापा, दोन वर्षांत पुन्हा येईल, असं रंगाऱ्याचं म्हणणं. तिला भिंतही रंगवून हवी होती आणि गुलाबही हवा होता. घर बांधल्यापासून तीनच भिंतींना रंग लागत आला होता. चौथीचा विषय काढला की नवरा म्हणे, "गुलाबाला हात लावायचा नाही." आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे स्वारी डोळ्यांवर पट्टी बांधून पुढच्या खोलीत पडून होती. अशी संधी परत मिळणार नव्हती.

तिने फांदीला भिंतीवरच्या तारेशी बांधणारी वरची पहिली पट्टी कापली. मोकळी झालेली फांदी खाली सोडली. रंगाऱ्याने ती झेलून अंथरलेल्या पोत्यावर निजवली.

"कापली असती तर एव्हाना पहिला हात मारून झाला असता, काकू."

"माझ्यासाठी लावलाय ह्यांनी. मोठीच्या बाळंतपणाला मी माहेरी होते. परत आले तर घर बांधून तयार, आणि मागे हे रोप. एरवी माझा वाढदिवससुद्धा लक्षात राहत नाही त्यांच्या!" ती हसली. "बांधकामाच्या उरलेल्या फळ्याही इथेच टेकवून ठेवल्या होत्या. तीन वर्षं! रोज तोंड वाजवायचे मी, तेव्हा कुठे हलल्या."

नवरा गवंडी. आख्खी गल्ली त्याला 'ओळंबा' म्हणे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतात, तो ओळंबा. ह्याला तो लागतच नसे. कुणाच्या घरी गेला की पाणी प्यायच्या आधी एक डोळा मिटून भिंत बघायचा आणि घरमालकाचं तोंड उतरवायचा. हे घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

काट्यांनी कोटाला न जुमानता तिचे हात ओरबाडले. दुपारी शेवटची जाड फांदी खाली आली. रंगारी दोन पावलं मागे सरला आणि मोठ्याने हसला.

"कुणी बांधली हो ही? चांगलंच पोट आलंय की!"

भिंत मधोमध फुगली होती. ते कळायला ओळंब्याची गरज नव्हती.

ती शिडीवरून उतरली. बुंध्याकडे बघत राहिली. म्हणजे झाकायला लावला होता. आणि ही बया येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत फिरली. तिला स्वतःचाच इतका राग आला की कोट तसाच अंगात ठेवून ती तरातरा आत निघाली. आज विचारणारच होती.

पुढच्या खोलीतून त्याचा आवाज आला. फोनवर मुलीशी बोलत होता.

"तुमच्या फ्लॅटची ती भिंत दोन बोटं बाहेर आहे, सांगून ठेवतो. आपल्या घराच्या भिंती बघ. चारही!"

ती दारातच थांबली. मग मागे फिरली.

"रंग राहू द्या," ती रंगाऱ्याला म्हणाली. "फांद्या वर द्या."

"म्हणजे? रंगवायची नाही?"

"नाही. आणि बाहेर एक शब्द बोललात तर उरलेल्या तीन भिंती दुसरा रंगवेल."

रंगाऱ्याने पहिली फांदी वर दिली. तिने जुनी चादर फाडून पट्ट्या काढल्या आणि एकेक फांदी वाकवून तारेला आडवी बांधत गेली. आडव्या फांदीला पेरावरच्या डोळ्याडोळ्याला कळी धरते, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. फुगवट्यावर तिने फांद्या दाट घेतल्या. बोटं सुजली, रंगारी घरी गेला, तरी ती शिडीवरच होती.

संध्याकाळी तो भिंतीला धरत धरत मागच्या दारात आला.

"रंगाचा वास कसा नाही आला गं?"

"वारा तिकडचा होता."

त्याने पानांतून हात घातला आणि तळवा भिंतीवर टेकवला. नेमका मधोमध. मग हात बाहेर काढून बोटांवर आलेली कोरडी धूळ अंगठ्याने चोळत राहिला.

"भिंत छान आहे," ती म्हणाली. "अगदी ओळंब्यात."

त्याने बोटं सदऱ्याला पुसली.

"आमचा मुकादम म्हणाला होता, भोपळ्याचा वेल सोड. चार महिन्यांत झाकली असती. ह्याने तीन वर्षं घेतली. फळ्यांवरून तुझी बोलणी खाल्ली, ती वेगळीच."

"मग सोडायचा होता भोपळा!"

"तुला कधी भोपळा आवडला होता?"

तिला हसू आलं, आणि डोळे भरले ते त्याला दिसणार नव्हते म्हणून तिने पुसलेही नाहीत. एक फांदी अजून मोकळी होती. ती तिने फुगवट्यावर आडवी धरली आणि शेवटची पट्टी त्याच्या हातात दिली.

"सैल बांधा हं," ती म्हणाली.

त्याने चाचपत तार शोधली.