कानामागे लावायचं क्रीम

आपली कातडी गेंड्याची आहे, हे थोरली जाऊ स्वतःच हसत सांगायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. नवीन क्रीम आलं की आधी स्वतःच्या हाताला लावून बघायचं, ही तिची पद्धत. पण तिला कशानेच काही होत नसे. तिच्या हातावर पास झालेल्या एका क्रीमने एका बाईच्या गालांवर पुरळ उठलं, बाईने गल्लीभर बोभाटा केला, आणि पार्लरची खुर्ची कितीतरी दिवस रिकामी राहिली.

मग तिचं लक्ष वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जावेकडे गेलं. धाकटी इतकी नाजूक, की साबण बदलला तरी अंगावर गांधी उठायच्या. हिला सोसेल ते कुणालाही सोसेल, असा थोरलीने सरळ हिशेब मांडला. धाकटीला मात्र त्याचा पत्ता लागू दिला नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती असंही नव्हे. पण धाकट्या जावेला काय विचारायचं, हा तोरा आडवा आला. नवी डबी तिच्या हातात ठेवून थोरली म्हणायची, तुझ्यासाठी आणलंय, कानामागे लाव, वास छान आहे. एक-दोन दिवसांनी तिचे केस सारखे करायच्या निमित्ताने कानामागे डोकावायची. लाल दिसलं की माल परत, नाहीतर पार्लरच्या फळीवर.

धाकटी हरखून जायची. नवरा कामापायी सदा बाहेरगावी, सासू अबोल. या घरात तिच्यासाठी आठवणीने काही आणणारी थोरली एकटीच.

त्या दिवशी धाकटी नव्या नोकरीवर रुजू होणार होती. थोरली सकाळीच कान बघायला वर गेली, तर ही ओढणीने तोंड झाकून बसलेली. ओढणी सरकवली तेव्हा चेहरा लालबुंद, डोळे सुजून बारीक झालेले. थोरलीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, गिऱ्हाइकाला लावलं नाही. दुसऱ्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की तिला वर बघवेना.

धाकटी सांगत होती, रात्री काहीतरी बाधलं असेल. पण आरशापाशी डबी उघडी होती, अर्धी संपलेली. थोरलीने डबीकडे बोट दाखवलं तशी धाकटी ओशाळली.

"ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पहिला दिवस होता, म्हटलं तुम्ही दिलेलं तोंडाला लावून जावं."

थोरलीने डॉक्टरांना फोन केला, गार पाण्याने तिचं तोंड धुतलं, ओलं फडकं गालांवर ठेवलं. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण सुजल्या तोंडाने धाकटी तिचीच समजूत काढत होती, ते तिला सोसवेना.

"ती भेट नव्हती गं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना लावायच्या आधी तुझ्यावर बघत होते. आजवरचं सगळंच."

धाकटीने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच गालाला लावलं. मग तिने विचारलं, "वाढदिवसाचं?"

एवढ्यापुरतं खोटं बोलावं, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं.

"तेही."

धाकटीने मान हलवली. आवाज चढवला नाही, की रडली नाही.

"मी आईला सांगितलं होतं," ती म्हणाली, "काळजी करू नकोस, इथे मला ताई आहेत म्हणून."

थोरलीला खालून गिऱ्हाइकाची हाक ऐकू येत होती, पण तिला उठता येईना.