बैलाचं माप

बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या सकाळी कसबा बावड्यात मळ्यामळ्यांतून बैल धुतले जात होते, आणि जोतीरामआबाच्या दारात कुत्रं.

बैलजोडी घेऊन नदीवर निघालेला शेजारचा कृष्णात बांधावर थांबला आणि पोट धरून हसला. "आबा, शिंगं कुठं रंगवायची ह्येची? का शेपटीलाच गोंडा बांधतासा?"

"तू तुझं बैल सांभाळ," हातातला तांब्या न थांबवता आबा म्हणाला. "गेल्या बेंदराला कराची दोरी तोडायला पळवताना तुझ्याच बैलानं तुला गटारीत बसवलंतं. इसरलास व्हय?"

कृष्णात हसत हसत पुढे गेला, पण आबाचं तोंड उतरलं. एके काळी बेंदूर म्हणजे आबाचा दिवस असे. जनावर लंगडो, फुगो, चारा सोडो, माणसं आधी आबाचं दार ठोठावायची. झाडपाला, हळद, तेल, एवढ्यावर त्यानं उभ्या जन्मात किती जनावरं उठवली होती त्याला हिशेब नव्हता. मग घरात ट्रॅक्टर आला, बैल बाजाराला गेले आणि रिकाम्या गोठ्यात भुंग्या झोपायला लागला.

भुंग्या सुनेचा. वर्षाराणीनं माहेराहून, गगनबावड्याहून, पदरात गुंडाळून आणलेलं काळंभोर पिल्लू. तिचा नवरा अमरसिंह वारणानगरला डेअरीत कामाला, सुट्टीलाच घरी यायचा. सासू जाऊन बरीच वर्षं झालेली. राहिला सासरा, तर त्याचा जन्म बैलांशी बोलण्यात गेलेला. मग तिचं सगळं सुखदुःख ऐकायला भुंग्याच होता. चुलीशी बसून ती त्याच्याशी बोलायची आणि ते शहाणं कुत्रं मान तिरकी करून ऐकायचं.

पावसाळ्याच्या तोंडाला भुंग्याला गोचिड झाले. कानात, पंज्यांच्या बेचक्यात, जिथं बघावं तिथं. खाजवून खाजवून त्यानं अंग सोलून घेतलं. वर्षाराणी दुकानातलं औषध आणते म्हणाली तसा आबा उसळला. "इख आणतीस व्हय घरात? आपल्या परसात एवढा कडूलिंब उभा हाय, त्यो काय सावलीला?"

तसं तिलाही झाडपाल्याचं वावडं नव्हतं. तिनं मोबाईलवर वाचून भुंग्याचं झोपायचं पोतं उन्हात टाकायला सुरुवात केली होती, कानाला खोबरेल तेल लावत होती. ती कबूल झाली, पण तिनं बजावून सांगितलं. "निस्ता लिंबाचा पाला हं, मामा. दुसरं कायबी घालू नगासा."

"न्हाय गं बाई, न्हाय," आबा म्हणाला.

बेंदराच्या सकाळी पाला उकळून देऊन ती आत पुरण वाटायला गेली. आबानं उकळलेल्या पानाचा हंडा बघितला, बोट बुडवून वास घेतला आणि नाक मुरडलं. ह्या पाण्यानं गोचिड अंघोळ करून ताजे होतील, मरणार नाहीत. बैलांना तो लिंबाबरोबर तंबाखू उकळायचा. कागलकडची काळी, नाकाला झोंबणारी पानं अजून आढ्याला टांगलेली होती. त्यानं एकदा सैपाकघराकडं बघितलं आणि बैलाच्या मापानं मूठभर पानं हंड्यात सोडली. दिलेला शब्द मोडतोय हे काय त्याला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण ज्याच्या हाताला गाव गुण आहे म्हणतं, त्याला सुनेनं शिकवावं हे त्याच्या पोटात मावत नव्हतं.

सोललेल्या अंगावर त्यानं ते पाणी चोळचोळून जिरवलं आणि भुंग्याला सोडून दिलं. बैलाला असं पाणी लावलं की आबा त्याला अंग सुकेपर्यंत आखूड बांधून घालायचा. कुत्रं मोकळं होतं. आणि बैल कसाही असला तरी नाकापासून शेपटीपर्यंत स्वतःला चाटून साफ करत बसत नाही. कुत्रं बसतं. ही एवढी मोठी गोष्ट जन्मभर जनावरात काढलेल्या माणसाच्या ध्यानात आली नाही.

पुरणपोळीचा तुकडा घेऊन वर्षाराणी बाहेर आली तेव्हा भुंग्याच्या तोंडातून फेसाची तार लोंबत होती. तो उठायला गेला, मागचे पाय थरथरले आणि तो कडेवर पडला. मग भडाभडा ओकला.

"मामाऽ! आवं, बघा की ह्येला काय झालं!"

आबा धावत आला. एका नजरेत त्याला सगळं समजलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

वर्षाराणीनं डोक्यावर हात मारून घेतला. "मीच घातलं ओ! सकाळी कटाची आमटी वतली त्याच्या ताटलीत. कांदा-लसूण कुत्र्याला सोसत न्हाय म्हणून वाचलंतं, तरी वतली. सणाचा दिवस, म्हणलं त्येनं बी खावं. मीच मारलं ह्येला!"

ती रडत रडत जनावरांच्या दवाखान्यात फोन लावत होती. आबा खांबाला धरून उभा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्याच्या मनात आलं. आमटीवर गेलं तर जाऊ दे. डॉक्टर काहीतरी सुई टोचेल, कुत्रं उठेल, कुणाला कळणार आहे? असा विचार आला खरा, आणि आबाला स्वतःचीच शिसारी आली. तरी तोंड उघडेना.

फोनवर डॉक्टरीणबाई विचारत होत्या. वर्षाराणी हुंदके देत सांगत होती, "व्हय, ओकलंय. थरथरतंय. अंगाला? अंगाला निस्तं लिंबाचं पानी लावलंय. व्हय की न्हाय, मामा? लिंबाचंच न्हवं?"

आबानं मान खाली घातली. तिनं त्याची मान हलली असं धरलं.

"लिंबाचंच, बाई. घिऊन येतो मी, आत्ता येतो." फोन ठेवून तिनं वाकळ आणली. ओल्या अंगाच्या भुंग्याला ती तशीच गुंडाळायला लागली. भुंग्यानं कशीबशी मान वळवली आणि थरथरत्या जिभेनं आपलाच पाय चाटला. पुन्हा चाटला. वर्षाराणीला वाटलं, बिचारं दुखतंय म्हणून चाटतंय.

आता मात्र आबाला राहवेना. तो पुढे झाला आणि तिच्या हातातली वाकळ ओढून फेकून दिली.

"गुंडाळू नगंस! आमटीनं न्हाय झालं ह्ये. तंबाकू हाय त्या पान्यात. मी घातली. अजून अंगावर हाय ती, चाटतंय बघ. आदी धुवून काढ त्याला!"

वर्षाराणी सासऱ्याकडं बघतच राहिली. शिवी नाही, शाप नाही. मग तिनं साबण ओढला, आबानं बादलीमागून बादली ओतली, आणि दोघं एकमेकांकडं न बघता त्या कुत्र्याला घासत राहिली. भुंग्याचे डोळे फिरत होते. फोन पुन्हा लावून तिनं एवढंच सांगितलं, "तंबाकू हाय, बाई. तंबाकू."

स्कूटी तिनं काढली. मागं आबा, त्याच्या मांडीवर फडक्यात भुंग्या. पण रस्ता कुठला मोकळा असायला? नदीवरून धुतलेले बैल परत निघालेले. झुली, घुंगरं, गुलाल, हलगीचा कडकडाट, आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत शिंगंच शिंगं. वर्षाराणीनं हॉर्न दाबून धरला तसा एक खोंड बुजला आणि माणसं अंगावर आली.

"ए बाई, दिसत न्हाय व्हय? कुत्र्यासाठनं बैल थांबवायचं आता?"

भुंग्याचा श्वास आबाच्या मनगटावर लागत होता, तोही आता अडखळत होता. गर्दीतून कृष्णात पुढे आला. मघाचं हसू त्याच्या तोंडावर नव्हतं. "आबा, काय झालं ओ ह्येला?"

आबानं तोंड उघडलं. त्याच्या आधी वर्षाराणीच बोलली. "कुठं तरी इख खाल्लंय त्येनं, दादा. वाट करा. पाया पडतो तुमच्या."

कृष्णातनं कासरा आवळला आणि आपली जोडी सरळ गटारीकडं वळवली. हात वर करून तो ओरडला, तशी हलगी थांबली. बैल कडेला लागले, मध्ये स्कूटीपुरती वाट झाली. आबा मान खाली घालून त्या वाटेनं गेला. भर रस्त्यात सुनेनं त्याची अब्रू झाकली होती. त्यापेक्षा तिनं चार माणसांत थोबाडलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी अंग पुन्हा धुऊन काढलं, सुया टोचल्या. "तंबाखू आहे हे कळलं नसतं तर मी भलतंच काहीतरी शोधत बसले असते," त्या म्हणाल्या. "आता वाट बघायची." वर्षाराणी भुंग्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली. आबा दाराबाहेर चपलांपाशी बसला. त्याला कुणी आत बोलावलं नाही आणि त्यालाही जायचं धाडस झालं नाही. ऊन उतरल्यावर भुंग्यानं कान हलवला, मग डोळे उघडले. ते आतून कळलं तेव्हा आबा गुडघ्यात डोकं घालून लहान पोरासारखा रडला.

भुंग्या घरी आला, हिंडायफिरायलाही लागला. पण आबा जवळ आला की तो उठून वर्षाराणीच्या पायामागं जाई. ती सासऱ्याला वेळेवर ताट वाढत होती, "जेवायला या" म्हणत होती. त्यापलीकडं एक शब्द नाही. आढ्याची पानं आबानं काढून उकिरड्यात पुरली, तेही तिनं बघितलं आणि आत निघून गेली.

अशात एके सकाळी कृष्णात आला. काखेत एक तांबूस पिल्लू, त्याचे कान गोचिडांनी भरलेले.

"आबा, ह्येला तेवढा हात लावा. गावात सगळी म्हणत्यात, भुंग्याचं इख आबानं उतरवलं, डॉक्टर निस्ती नावाला. गुण हाय ओ तुमच्या हाताला!"

उंबऱ्यात वर्षाराणी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती काही बोलणार नाही हे आबाला पक्कं माहीत होतं. गेलेला मान आयता दारात चालून आला होता. नुसती मान हलवायची होती.

"कृष्णात," आबा म्हणाला, "गुण न्हाय का काय न्हाय. त्यो मरत हुता त्यो माझ्याच हातानं. तंबाकूचं पानी लावलंतं मी, बैलाला लावतुया तसं. सून नगं म्हणत हुती, तिला चोरून लावलं. आणि वाचवलं तिनं आणि डॉक्टरनं. गावात सांग जा."

कृष्णात मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा! ह्येला म्हणत्यात मोठा माणूस! यश म्हणून स्वतःकडं घ्यायचंच न्हाय! वहिनी, नशीबवान हाईसा, असला सासरा मिळाला!"

आणि पिल्लू आबाच्या हातात कोंबून तो वाटेला लागलासुद्धा. "आवं, ऐक की लेका, खरं सांगतुया!" म्हणून आबा बांधापर्यंत ओरडत गेला. कृष्णातनं मागं न बघता दोन्ही हात जोडून वर केले.

आबा पिल्लू धरून परत आला. अंगणात आल्यावर काय करावं त्याला कळेना. तोच उंबऱ्यातून कसलासा आवाज आला. वर्षाराणी तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता तिनं डोळे पुसले, तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि उठली.

"मामा, गोचिड हातानं काढायला घ्या. लिंबाचं पानी मी उकळतो. तुमी चुलीकडं यायचं न्हाय."

"न्हाय येत," आबा म्हणाला.

"आणि आदी हात धुवा."

आबानं पिल्लाला खांबाला बांधलं. हौदावर जाऊन साबणानं हात धुतले, नाकाशी नेऊन वास घेतला. मग पुन्हा धुतले.