कुरडया आणि हिरवा दिवा

गुणवंत पाटणकर ज्या बँकेत होता ती इतकी मोठी होती, की आपल्याकडे कोण काय करतं हे शोधायला तिला एक वेगळं खातं काढावं लागलं. त्या खात्याने वर्षभर डोकं खाजवून एक दिवा काढला. लॅपटॉपवर माउस हलता असला की माणसाच्या नावापुढे हिरवा दिवा, पाच मिनिटं हलला नाही की पिवळा. घरून काम करणारा माणूस काम करतो की लोळतो, हे त्यावरून ओळखायचं.

गुणवंतचं काम आयात-निर्यातीची कागदपत्रं तपासायचं. जहाज कधी सुटलं, खोकी किती, सही कुणाची. फायली वेळेवर निघत. पण फायलींना दिवा नव्हता.

बँक दुबईत आणि बिऱ्हाड अल ऐनला, कारण बायको, मृणालिनी, तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मधे एकशे तीस किलोमीटर. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची सवलत निघण्याआधी गुणवंत दुबईत तिघांच्या खोलीत राहायचा आणि फक्त शनिवार-रविवार घरी यायचा. त्या काळात चार वर्षांच्या अस्मीने, म्हणजे त्याच्या लेकीने, एकदा त्याला बाथरूमचं दार उघडून दिलं आणि अदबीने सांगितलं, "बाबा, गेस्ट टॉवेल इज देअर."

तो टॉवेल गुणवंत विसरला नव्हता. सवलत मिळाल्यापासून तीन दिवस तो पहाटे गाडी काढून रात्री परतायचा, पण सोमवार आणि गुरुवार घरी. हे दोन दिवस होते म्हणून बाकीचे तीन झेपत होते. ते गेले असते तर पुन्हा तिघांची खोली, पुन्हा पाहुण्यांचा टॉवेल.

अशात एप्रिलमध्ये सासूबाई आल्या.

उर्मिलाबाई मुलुंडच्या. त्यांच्या सोसायटीने अकरा वर्षांपूर्वी गच्चीला कुलूप लावलं, तेव्हापासून घरातला पितळी सोऱ्या माळ्यावर पडून होता. तो त्यांनी बॅगेतून आणला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून विचारलं, "व्हॉट इज दिस?" उर्मिलाबाई म्हणाल्या, "कुरडया." त्याचं पूर्ण समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर गेल्या. चारी बाजूंनी कठडा, वर निळं आकाश, खाली तापलेल्या फरश्या, आणि दोरीवरचा टॉवेल बघता बघता कडक झालेला. मग खाली येऊन म्हणाल्या, "मृणाल, अगं किती ऊन वाया घालवता तुम्ही लोक!"

पाच किलो गहू आले. "पंचवीस दिरहॅम? म्हणजे सहाशे रुपये! गव्हाला?" असं म्हणत त्यांनी ते भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, वाटले, चीक काढला, शिजवला आणि गुरुवारी सकाळी सात वाजता गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून कुरडया घातल्या. मुलुंडला जे काम तीन दिवसांचं ते अल ऐनच्या उन्हात दुपारपर्यंत होत होतं. अडचण एकच. इथे वेळेवर उलटल्या नाहीत तर त्या तडकायच्या, आणि वाऱ्याने कापड उडालं तर वाळू बसायची. शिवाय साळुंक्या होत्याच.

मृणालिनीने आईचं ब्लडप्रेशर मोजलं आणि फर्मान काढलं, "नऊनंतर तू वर जायचं नाहीस. खलास."

"मग उलटणार कोण?"

दोघींनी गुणवंतकडे पाहिलं.

"मी कामावर आहे," गुणवंत म्हणाला.

"घरीच तर आहात," सासूबाई म्हणाल्या.

या वाक्याला आजवर कुठल्याही बँकेला उत्तर सापडलेलं नाही. गुणवंत टोपी घालून वर गेला.

महिन्याअखेरीस साहेबांचा फोन आला. विजयकुमार हे त्याचे खातेप्रमुख. मूळचे मदुराईचे, वाईट बातमी द्यायची असली की आधी हवापाण्याची चौकशी करणारे.

"गुणवंत, माय फ्रेंड. अल ऐन में गरमी कैसी है?"

"ठीक आहे सर."

"तुम्हारा लाइट देखा मैंने. होम डेज को रोज सैंतालीस मिनिट यलो. लिमिट बीस है. क्या कर रहे थे?"

गुणवंतच्या डोळ्यांपुढे चारशे कुरडया उभ्या राहिल्या. "नेटवर्क, सर," तो म्हणाला.

"मई में भी ऐसा रहा तो दोनों होम डेज खतम. फिर पाँच दिन ऑफिस. मैं कुछ नहीं कर सकता, सिस्टिम है."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने शेजारच्या तनिषला गाठलं. तनिष इथेच जन्मलेला, चोवीस वर्षांचा.

"अंकल, सिंपल आहे," तनिष म्हणाला. "माउसखाली हातातलं घड्याळ ठेवायचं. सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं हात हलतोय. एव्हरीबडी डझ इट."

गुणवंतला ते पटलं नाही. यंत्राकडून यंत्राला फसवायचं ही लबाडी झाली. माणसाने हलवलेला माउस तो खरा माउस, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि घरात एक माणूस होतं, ज्याला नऊनंतर एसीत बसून राहण्याची शिक्षा झाली होती.

"आई," गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "हा हिरवा दिवा दिसतो ना, तो मालवू द्यायचा नाही. हे नुसतं असं असं हलवत राहायचं. काही दाबायचं नाही. दिवा गेला तर माझे घरचे दिवस गेले."

उर्मिलाबाईंनी चष्मा पुसला. त्या नवरात्रात नऊ दिवस नंदादीप सांभाळणाऱ्या बाई. दिवा मालवू द्यायचा नाही, एवढं त्यांना सांगणं पुरेसं होतं. कारण त्यांनी विचारलं नाही.

मग मे महिनाभर असं चाललं. घरच्या दोन्ही दिवशी गुणवंत पहाटे पाच ते आठ फायली संपवायचा, आठनंतर गच्चीवर कुरडया, पापड्या आणि बटाट्याचा कीस उलटायचा, दुपारी खाली येऊन उरलेल्या फायली काढायचा. आणि त्याच्या टेबलाशी सासूबाई डाव्या हातात जपमाळ, उजव्या हातात माउस घेऊन बसायच्या. जेवायला उठायची वेळ आली की त्या अस्मीला बसवायच्या. "आजी, इट्स बोअरिंग," अस्मी म्हणायची. "ऑफिस आहे ते, बोअरच असायचं," आजी म्हणायच्या. एकदा चुकून काहीतरी दाबलं गेलं आणि हाँगकाँगच्या एका बँकेच्या अत्यंत तिखट पत्राला पसंतीचा अंगठा गेला. हाँगकाँगहून लगेच आभाराचं पत्र आलं. एवढं सोडलं तर सगळं शिस्तीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. यावेळी विजयकुमारांनी हवा विचारली नाही.

"गुणवंत! मई में तुम्हारा यलो कितना है, मालूम? झीरो! लंच में भी ग्रीन! पूरे बँक में पहला नंबर! एचआर बहुत खूश है."

पाठोपाठ पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन. दुसऱ्यात, गुणवंतची 'लवचीक कामाचे राजदूत' म्हणून नेमणूक. तिसऱ्यात असं, की घरून उत्तम काम कसं करावं याचं इतरांना मार्गदर्शन करता यावं, म्हणून राजदूताने पुढचं वर्षभर आठवड्याचे पाचही दिवस मुख्य कार्यालयात हजर राहावं.

गुणवंतने पत्र तीन वेळा वाचलं. कागदपत्रं तपासण्यात त्याची हयात गेली होती, पण यात एकही चूक नव्हती.

"नाही म्हणून टाक," मृणालिनी म्हणाली.

"म्हटलं. विजयकुमार म्हणाले, हा मान आहे, नाकारता येत नाही. सोमवारी सत्कार आहे. साठ लोकांपुढे अनुभव सांगायचा. एकदा भाषण झालं की मंगळवारपासून ड्युटी."

अस्मी चित्र काढत होती. मान वर न करता तिने विचारलं, "सो यू आर गोइंग बॅक टु द रूम?"

सासूबाई उठून आत गेल्या.

सोमवारी पहाटे गुणवंतने भाषणाचा कागद छापायला लॅपटॉप उघडला आणि सहाला निघाला. लॅपटॉप न्यायचा नव्हता. एचआरच्या कुबरा मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं, की हा कार्यक्रम मनमोकळ्या गप्पांचा आहे, कुणीही लॅपटॉप आणू नये, सगळ्यांनी आपापला घरी ठेवून यावं. लोकांनी तो मुकाट्याने ठेवला; त्या दिवशी दिव्याची नोंद बंद राहील, असं मात्र मॅडम म्हणाल्या नव्हत्या.

हॉलमध्ये साठ माणसं, समोसे आणि भिंतीवर एक भला मोठा पडदा. कुबरा मॅडम हैदराबादच्या, बोलायला गोड. त्यांनी गुणवंतला स्टेजवर उभं केलं, गळ्यात पट्टा घातला आणि म्हणाल्या, "आता लाइव्ह बोर्डवर आपण गुणवंतभाईंचा रेकॉर्ड बघू."

पडद्यावर साठ नावं आली. सगळ्यात वर गुणवंत पाटणकर, आणि त्यापुढे हिरवा दिवा. सकाळी सहा वाजून चार मिनिटांपासून, अखंड.

टाळ्या झाल्या. मग हळूहळू थांबल्या.

"गुणवंतभाई," कुबरा मॅडम म्हणाल्या, "आप तो यहाँ हैं."

"हो."

"फिर वहाँ कौन है?"

गुणवंतच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. सोमवार. उघडा लॅपटॉप. आज तो घरी नाही, आज दिव्याची गरज नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. खोटं बोलायला वेळ होता, पण पाच दिवसांची खोली तर मिळालीच होती, आता आणखी काय जाणार?

"माझ्या सासूबाई आहेत," तो म्हणाला. "मी गच्चीवर त्यांच्या कुरडया उलटतो, त्या माझा माउस हलवतात. बिचाऱ्या पाणी प्यायलाही उठल्या नसतील. एक फोन करू का?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हे गुणवंतला जरा चमत्कारिक वाटलं. साठ माणसं, आणि एकही हसत नाही? त्याने पाहिलं तर सगळे पडद्याकडे बघत होते, आणि बरेच जण घाम पुसत होते. एसी अठरावर होता.

त्याने पडद्याकडे मान वळवली.

सगळ्यांचे लॅपटॉप घरी होते आणि सगळे लोक हॉलमध्ये होते. बोर्डावर साठपैकी एक्केचाळीस दिवे हिरवे होते. तनिषचा हिरवा. त्याच्या मागच्या रांगेतल्या तिघांचे हिरवे. आणि तिसऱ्या ओळीत, ठळक अक्षरांत: विजयकुमार, खातेप्रमुख. हिरवागार.

"सर?" कुबरा मॅडम म्हणाल्या.

विजयकुमारांनी समोसा ताटलीत ठेवला. "माय वाइफ," ते हळूच म्हणाले. "शी इज व्हेरी पंक्च्युअल."

मागून तनिषचा आवाज आला, "चला, निदान सरांकडे माणूस तरी आहे, माझ्याकडे नुसतं घड्याळ." आणि मग मात्र हॉल असा फुटला, की बाहेरचा चहावाला दार उघडून बघून गेला. कुबरा मॅडमनी पडदा बंद करायला सांगितला. बंद होता होता गुणवंतला वाटलं, की एचआरच्या रांगेतही काहीतरी हिरवं दिसलं. पण तो तपासणारा माणूस, खात्री नसताना शेरा मारत नाही.

दोन दिवसांनी परिपत्रक आलं. तांत्रिक सुधारणेसाठी दिव्यांची नोंद अनिश्चित काळासाठी थांबवली आहे, राजदूताचं पद सध्या भरलं जाणार नाही, घरच्या दिवसांची व्यवस्था आहे तशीच चालू राहील आणि काम यापुढे फायलींवरून पाहिलं जाईल. एवढं साधं कसं सुचलं, याचं खुलासापत्र त्यासोबत नव्हतं.

गुरुवारी सकाळी गुणवंत गच्चीवर जायला निघाला, तर फोनवर विजयकुमारांचा निरोप: 'पुढच्या महिन्यात आई येतेय मदुराईहून. वडाम घालायचे म्हणते, आमच्याकडच्या कुरडयाच त्या. तुमची गच्ची केवढी आहे?'

टेबलाशी सासूबाई जपमाळ घेऊन बसल्याच होत्या.

"आई, आता नको. नियम गेला," तो म्हणाला.

"म्हणजे दिवा मालवला तरी चालेल?"

"चालेल. दोन दिवस राहिले माझे."

उर्मिलाबाईंनी माउसवरचा हात काढला, पण उठल्या नाहीत. पाच मिनिटं त्या दिव्याकडे टक लावून बसल्या. दिवा पिवळा झाला तेव्हा त्यांनी हात जोडले.

"बाबा, यू आर यलो!" अस्मी ओरडली.

"असू दे," गुणवंत म्हणाला, आणि टोपी घेऊन वर गेला. साळुंक्या आधीच पोचल्या होत्या.