रंगुबाईच्या दारातली बादली

शेवगावजवळच्या त्या वस्तीवर जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीने अकरा गोठे धरले होते. सहादेवचा रेडा मात्र धडधाकट राहिला. म्हणून लोक त्याला हळद लावून गोठ्यागोठ्यांतून फिरवत. त्याचा वारा लागला की जनावर तगते, असा समज.

पशुवैद्य म्हणून सतरा दिवस मी तिथे रोज जात होतो. अखेर सहादेवला सांगितले, "आफ्रिकेतल्या रानम्हशींच्या घशात हा विषाणू वर्षानुवर्षे राहतो. त्या आजारी दिसत नाहीत, पण दुसऱ्यांना रोग देऊ शकतात. तुमचा रेडाही तसा असेल."

"असंल का हाय?"

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

"मग आफ्रिकेच्या म्हशी हितं कशाला आनता, साहेब? आधीच चारा कमी हाय."

शेजारच्या रंगुबाईने मात्र ऐकले. तिची एकुलती म्हैस आठ दिवसांनी व्यायची होती. "एवढी वाचवा, डॉक्टर," ती म्हणाली, आणि रेड्याला तिने दारातूनच परत धाडले. मी समाधानाने तिची म्हैस रोज तपासत राहिलो.

पाचव्या दिवशी म्हशीच्या तोंडातून लाळेची तार लागली. जिभेवर फोड.

"रेडा तर आलाच न्हाई," रंगुबाई म्हणाली.

मी नोंदवही उघडली. कोणता गोठा कधी धरला, ते रेड्याच्या फेऱ्यांशी जुळवून पाहिले. जुळले नाही. मग माझ्या फेऱ्यांशी जुळवले. ज्यासाठी मला बोलावले तो पहिला गोठा सोडला, तर प्रत्येक गोठ्यातल्या माझ्या पहिल्या भेटीनंतर तीन ते सहा दिवसांनी तो धरला होता, उरलेले अकराही. बुटांवरचा विषाणू मारायला प्रत्येक दारात धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली ठेवायला मीच सांगितले होते. पहिला आठवडा मी तीत बूट बुडवले; तोवर नवा गोठा धरला नव्हता. नंतर थकवा आला. मी रोजच्या फेरीत फक्त पहिल्या दारात बुडवत असे.

"रोग मी आणला असेल," मी म्हणालो. "बुटांवरून."

दावे धरायला आलेल्या सहादेवने वर पाहिले. "असंल का हाय?"

तपासल्याशिवाय, असे म्हणायला मी तोंड उघडले आणि मिटले.

"आहे."

म्हैस कण्हली. तिला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरण्याआधीच.

"आता तरी पाय बुडवा अन् आत या," रंगुबाई म्हणाली.

मी दाराशी परतलो. बादलीतले पाणी स्वच्छ होते. तिने ते रोज सकाळी बदलले होते.