मंडपाच्या मागचा उजेड

रागिणीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिच्या बाबांनी, किसनरावांनी, लग्नाचा व्हिडिओ काही पाहिला नव्हता. ती अमरावतीहून अकोल्याला माहेरी आली आणि दुपारीच तिने लॅपटॉप उघडून आईबाबांना समोर बसवलं.

खिडकीतून ऊन येत होतं. "मले काही दिसून नाही राहिलं," किसनराव कुरकुरले.

"पडद्यात याच्या दुप्पट उजेड आहे बाबा. पण कंपनी तो एचडीआर, म्हणजे जास्त चमकदार व्हिडिओसाठी राखून ठेवते, साध्याला देत नाही."

"घरात उजेड हाये अन् वापराची बंदी? काढ बाहेर."

रागिणीने एक छोटा प्रोग्रॅम घेतला, कळ दाबली आणि पडदा लख्ख झाला. शालूची जर चमकली. मंगलाष्टकं सुरू झाली, तसा मंडपाच्या मागचा काळोखही उजळला. जनरेटरजवळ पांढऱ्या टोपीतला एक माणूस एकटाच उभा होता. प्रत्येक 'सावधान'ला तो अक्षता फेकत होता आणि त्या मागच्या रिकाम्या खुर्च्यांवरच पडत होत्या.

"हे वामनभाऊजी होत नं?" रागिणीची आई मैनाबाई म्हणाल्या.

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाभावांत भांडण झालं, त्यात सख्खा भाऊ पुतणीच्या लग्नाला आला नाही, हे किसनरावांनी परतवाड्यापर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्यांनी मानाही हलवल्या होत्या.

"मागं घे," ते म्हणाले. रागिणीने घेतलं. "पुन्हा घे." मग त्यांनी डोळे पुसले. "कमी कर तो उजेड. डोयाले लागते."

रागिणीने तिथेच काकाजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकाजी, तुम्ही माझ्या लग्नाला आला होता?"

"मी? मी काहून येऊ? मले आमंत्रणच नव्हतं."

"व्हिडिओत दिसताय."

"दुसरा कोणी असंन. टोपी काय मीच एकटा घालतो?" टोपीचं तिने नावही काढलं नव्हतं. फोन बंद झाला.

"पाय बरं," किसनरावांचा आवाज हलका झाला, "तो सोता म्हनून राहिला, नव्हतो म्हनून." दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

संध्याकाळी ती निघाली, तेव्हा लॅपटॉप किसनरावांच्या मांडीवरच होता. "राहू दे दोन दिवस. सिनेमा पायतो."

सिनेमा त्यांनी एकही पाहिला नाही, असं आईने फोनवर सांगितलं. पुढच्या महिन्यात मुलाचं, पियुषचं, लग्न ठरलं, तेव्हा धाकट्या भावाच्या घरी पत्रिका घेऊन किसनराव स्वतः गेले. आत गेले नाहीत, चहालाही थांबले नाहीत. दारातूनच म्हणाले, "यायचं असंन तं समोर बसजो. तिकडं मागं जनरेटरचा धूर लई असते."

वामनरावांनी पत्रिका घेतली. "पायतो," ते म्हणाले, "जमलं तं."