स्विचला हात लावू नका

आमच्या जिनिंगच्या आवारात कम्प्युटरचे डॉक्टर फार. मी सोडून सगळेच. जाफराबादच्या त्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर ऑपरेटर होते, पण दुपारच्या सुमारास सर्व्हर बसला की मला कुणी विचारत नसे. हमाल आत यायचा, ट्रॅक्टरवाला यायचा, एकदा तर रसवंतीवाला आला, आणि जो येई तो एकच औषध सांगे, "बंद करा अन् चालू करा." मुनीम रामकिसनकाका तर सांगायच्या भानगडीतही पडत नसत. भिंतीवरचा मोठा स्विच खटकन खाली, खटकन वर. मग कम्प्युटर शुद्धीवर येईपर्यंत बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि सगळ्या शिव्या बेबीनंदाच्या, म्हणजे माझ्या नावाने पडायच्या.

दोष माझाही नव्हता आणि काट्याचाही. गाडी काट्यावर चढली की वजन थेट सर्व्हरमध्ये जायचं आणि वजनाची पट्टी छापून बाहेर यायची. मध्ये कुणाचा हात नाही. हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीने दिलं होतं. तिथल्या इंजिनिअरला मी फोनवर इतकं पिडलं की शेवटी तो बिचारा नीट समजावून सांगायला लागला. आमचं सॉफ्टवेअर सर्व्हरमधल्या ज्या फ्रेमवर्कच्या पायावर उभं होतं, तो पायाच जुना राहिला होता. प्रत्येक पट्टीला तो थोडी मेमरी घ्यायचा आणि काम झालं तरी सोडायचा नाही. पंगतीत ताटं वाढली जावीत आणि उष्टं एकही घासायला परत येऊ नये, तसं चाललं होतं. दुपारपर्यंत ताटं संपायची.

"ह्याच्यावरच्या दुरुस्त्या कधीच्या आल्यात, मॅडम. तुमच्याकडे एकही लावलेली नाही," तो म्हणाला.

"मग आता एकेक लावत बसू का मी?"

"नाही. जो शेवटचा अपडेट आलाय, त्यात मागचं सगळं जमा आहे. तो एकच लावा. फक्त एक लक्षात ठेवा. मध्येच तो गप्प बसेल, बराच वेळ. तेव्हा स्विच बंद केला तर जुनंही राहणार नाही आणि नवंही येणार नाही."

आमच्या गावात तेव्हा इंटरनेट नावालाच होतं. त्याने जालन्याच्या ओळखीच्या माणसाकडून सीडी करवली आणि ती दोन हजार आठच्या दिवाळीनंतर एका सोमवारी सकाळी काळीपिवळी जीपमधून माझ्या हातात आली. नेमकी त्याच सकाळी मालक कारभारीअण्णा तापलेले. शनिवारी सर्व्हर दोनदा बसला होता आणि चार ट्रॅक्टर वैतागून दुसऱ्या जिनिंगकडे वळले होते.

"हे बघ बेबीनंदा," अण्णा म्हणाले, "काय लावायचं ते आजच लाव. आज शेवटची गाडी ह्याच्यावर तोलल्या गेली तर ठीक. न्हाई तर उद्यापासून रामकिसननं हातानं लिहिलेली हातपट्टी. कम्प्युटर गोदामात अन् तू घरी."

घरी म्हणजे कुठे, हे मला चांगलं माहीत होतं. भावाच्या घरी, वहिनीच्या हाताखाली. ती काट्याची खुर्ची मला जिवापाड आवडायची. तिथे बसले की ट्रॅक्टरवाली दांडगी माणसंसुद्धा मला "मॅडम, जरा बघा" म्हणायची. ती खुर्ची सोडायची नाही, एवढंच मी मनाशी ठरवलं.

जेवणाच्या सुट्टीत काटा थांबवला आणि सीडी घातली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. निम्म्यावर आली आणि थांबली ती थांबलीच. खिडकीला दहा तोंडं चिकटली.

"अटकला!"

"बंद करून चालू करा की!"

रामकिसनकाका जेवणाचा डबा तसाच टाकून स्विचकडे आले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या हाताला सवयच तशी लागली होती. मी उठले आणि स्विचच्या पुढ्यात पाठ टेकून उभी राहिले.

"काका, आज ह्याला हात लावायचा न्हाई."

"अगं पण बंद पडून राह्यलं ना ते!"

"बंद न्हाई पडलं. गप बसून काम करून राह्यलंय. तुम्ही बी तसंच करा."

हे जरा जास्तच झालं. काकांचं तोंड उतरलं, पण ते मागे सरले. मी मात्र जागची हलले नाही. पाठीत स्विचची कड रुतत होती. इंजिनिअर चुकला असेल तर? पट्टी उद्या सकाळपर्यंत अशीच राहिली तर? मी जगातल्या सगळ्या देवांना एका दमात हाका मारल्या.

पट्टी हलली. बोटभरच, पण हलली. आणि तेवढ्यात लाईट गेली.

लोडशेडिंगची वेळ पाचची होती. तीनला कुणी नेली कोण जाणे. जनरेटर दुरुस्तीला जालन्याला गेलेला. सर्व्हर इन्व्हर्टरवर आला, पण त्याची बॅटरी म्हातारी. थोड्याच वेळात ती पीं पीं करून रडू लागली. मी मोठ्याने ओरडले, "बॅटरी संपली तर सगळंच गेलं!"

रांगेत टेंभुर्णीच्या द्वारकाबाई होत्या. साठीच्या, स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या, आणि मला शिव्या देण्यात सगळ्यांच्या पुढे. त्या खिडकीशी आल्या.

"हे गेलं तर पुन्हा हातपट्टी का?"

"हो मावशी."

"हातपट्टीत माझा कापूस दरसाली घरून निघताना येगळा अन् इथं येगळा भरायचा. ह्या डबड्यानं पयल्यांदा बराबर भरला." त्या मागे वळून गरजल्या, "बदरोद्दीन! कुठं मेलास? माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी काढ!"

बदरोद्दीनचाचांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान जिनिंगच्या फाटकालाच लागून होतं, पण चार्ज झालेली बॅटरी तिथे त्या दिवशी एकही नव्हती. ते पाने घेऊन धावत आले. दोन हमालांनी बॅटरी उचलून आत आणली.

"बेटी, इन्व्हर्टरची पिन हलवू देऊ नको कोणाला. हात लागला तर गेलं सगळं," चाचा म्हणाले. "पुरानी काढायची न्हाई. हिच्या बाजूनं नयी जोडतो. बिलकुल झटका न्हाई लागणार."

वायर जोडताना एक ठिणगी उडाली आणि खिडकीतली दहाही तोंडं मागे झाली. पीं पीं थांबलं. पडदा चालूच होता. हिरवी पट्टी हळूहळू सरकत टोकाला पोचली आणि तिच्याखाली ओळ उमटली, की काम पूर्ण झालं, आता कम्प्युटर बंद करून चालू करा.

ती मी वाचून दाखवली मात्र, आवारात हशा पिकला. रामकिसनकाका तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "मंग मी सालभर काय करून राह्यलो?" मीही हसले आणि त्यांनाच म्हटलं, "काका, माउसचं हे बटन तुम्हीच दाबा." त्यांनी एका बोटाने, फार जपून दाबलं.

लाईट नव्हतीच, पण काटा त्याच इन्व्हर्टरवर सुरू झाला. गाडी चढली, पट्टी छापली, गाडी उतरली. पुन्हा तेच. जितक्या गाड्या झाल्या की रोज सर्व्हर दम सोडायचा, तो आकडा उलटून गेला आणि मला कळलंही नाही. पडद्यावरचा मेमरीचा आलेख मी अधूनमधून बघत होते. तो थोडा चढे आणि आपणहून खाली येई. ताटं घासून परत येत होती! दिवस कलला तरी कुणी "बसला का?" असं विचारायला आत आलं नाही. अण्णा मात्र दारातच खुर्ची टाकून बसले होते आणि उतरणारी प्रत्येक गाडी मोजत होते.

बाकीचे ट्रॅक्टर माल टाकून गावाकडे गेले आणि शेवटी एकच गाडी उरली. द्वारकाबाईंची. त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी माझ्या टेबलाखाली, आणि लाईट अजून आलेली नव्हती. बॅटरी काढली तर सर्व्हर बंद, ठेवली तर ट्रॅक्टर काट्यावर चढत नाही. शेवटची गाडी म्हणजे हीच.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा उठले, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि ओरडले, "बघत काय राह्यले? लावा हात!"

हमाल, रसवंतीवाला, बदरोद्दीनचाचा, झाडून सगळे धावले. द्वारकाबाई स्टेअरिंगवर ताठ बसल्या आणि वरून हुकूम सोडू लागल्या. रामकिसनकाकांनी चपला काढून ट्रॉलीला खांदा लावला. कापसाने शिगोशीग भरलेली ती धुडं आधी हलेनात, मग हलली आणि एका आरोळीसरशी काट्यावर चढली. वजन आलं. मी बटन दाबलं. पट्टी छापून निघाली.

अण्णांनी ती स्वतः फाडून द्वारकाबाईंच्या हातात दिली. त्यांनी आकडा वाचला, मान डोलावली आणि पट्टी पदरात बांधली.

"बराबर हाय."

अण्णा घाम पुसत खिडकीपाशी आले. "बेबीनंदा, उद्या सकाळी जरा जल्दी ये. ते चार ट्रॅक्टर परत येऊन राह्यले."

"मी तर येतेच अण्णा," मी म्हटलं, "पण आधी कुणीतरी त्या स्विचवर पाटी लावा." आणि मग मला जे फुटलं, ते रडू होतं की हसू, हे बघायला मी कुणालाच आत येऊ दिलं नाही.